लोहाराची सुरी म्हणजे नुसता नॉस्टॅल्जिया?

सोलापुरी_शेंगा: भाजीच्या सुरीच्या धाग्यावर परवा एकाने फर्मान काढलं, "लोहाराच्या सुऱ्या म्हणजे गंज, रोगराई आणि नॉस्टॅल्जिया. कारखान्याची स्टेनलेस घ्या, विषय संपवा." विषय असा संपत नसतो, म्हणून वेगळा धागा. आमच्याकडे सुगीच्या तोंडाला घिसाडी येऊन पाल टाकतात. ट्रकच्या कमानपाट्याचा लालभडक तुकडा नवरा सांडशीत धरून फिरवतो, बायको घण घालते. मूठ माझ्या हाताच्या मापाने बसवून दिली. लोहाराचं पोलाद जात्याच कडक, पिकलेला टोमॅटो न दाबता चिरला जातो. याआधीच्या स्टेनलेसच्या सुऱ्या टोमॅटो चिरत नव्हत्या, चेपत होत्या.

लेथवाला: ते वाक्य माझं. रोगराई मागे घेतो, गंज घेत नाही. आता मुद्द्याचं. कमानपाट्यात कार्बन साधारण 0.5 ते 0.6 टक्के. चांगल्या जर्मन सुऱ्यांच्या पोलादात 0.5 टक्के, वर 15 टक्के क्रोमियम. म्हणजे कार्बन जवळपास तेवढाच आणि गंजायची भीती कमी. मग लोहाराचं पोलाद जात्याच कडक, हे कुठून आणलंत? कडकपणा येतो किती तापवलं आणि कसं निववलं यावर. पालातल्या भट्टीला तापमापक असतो का?

माणदेशी: तापमापक नसतो, डोळे असतात. कधी उभं राहून बघितलंय का? घिसाडी अख्खं पातं पाण्यात टाकत नाही. नुसती धारेची कड बुडवतो, बाहेर काढून दगडावर घासून चकचकीत करतो आणि थांबतो. पाठीतली ऊब धारेकडे सरकते, लोखंडावर रंग चढतो. वाळल्या गवतासारखा पिवळा दिसला की परत पाण्यात. धार कडक, पाठ चिवट. तुमची जर्मन सुरी किती हजारांची, ते सोयीस्करपणे लिहिलं नाहीत!

लेथवाला: छान. पण ढगाळ दिवशी एक रंग दिसतो, उन्हात दुसरा. आईच्या कोयत्याचा टवका नारळ सोलताना उडाला, डोळा थोडक्यात वाचला. तोही 'डोळ्यांनीच' पाणी दिलेला होता. कारखान्यातलं पातं भिकार असेल, पण सगळी सारखीच भिकार असतात.

आडाळोप्रेमी: सुरी सुरी काय करतास? आडाळ्यार, म्हणजे तुमच्या विळीर, बसल्याशिवाय बांगडो कापूक जमता? दोन्ही हात मोकळे, पातं स्थिर. खोबरं तिथंच खवायचं. हा वादच घाटावरचा.

सदाशिवपेठी: गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यावर आडाळ्यावर बसून दाखवा. ओट्यावर सुरीच लागते. आणि सुरी कुणी केली यापेक्षा तिला धार कोण लावतो ते बोला. सोसायटीत सायकलवर चाक फिरवणारा येतो. ठिणग्या अशा उडवतो की पोरं टाळ्या वाजवतात. माझ्या उत्तम सुरीची कड निळी करून दिली. आता दर आठवड्याला बोथट.

लेथवाला: निळी झाली म्हणजे कड 300 अंशांच्या आसपास गेली, पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला. सुरी हाताची असो की यंत्राची, कोरड्या चाकावर दाबून धरली की मेली. पहिल्यांदाच कुणीतरी कामाचं बोललं.

माणदेशी: चूक त्याची नाही. वर्षभर सुरी वापरायची, धार पार गेली की त्याला थांबवायचं, आणि "दहा रुपयांत दे" म्हणायचं. दहा रुपयांत तो पाण्याच्या दगडावर अर्धा तास घासत बसणार का?

सदाशिवपेठी: मी पन्नास दिले होते.

माणदेशी: मग पन्नासात निळी केली. अभिनंदन.

सोलापुरी_शेंगा: धागा सुरीचा आहे, धारवाल्याचा नाही. पण असो. चिनी मातीच्या कपाच्या बुडाला खरखरीत कडं असतं ना, त्याच्यावर ओली सुरी तिरपी धरून दोन्ही बाजूंनी घासायची. लोहाराची लगेच लागते.

डाळिंबी_उसळ: मी ऑनलाइन 'हस्तनिर्मित दमास्कस' म्हणजे थराथरांच्या पोलादाची सुरी घेतली. पात्यावर सुंदर लाटा. काथ्याने चार वेळा घासल्यावर लाटा निघून गेल्या, नुसती छापलेली नक्षी होती! हाताने केलेलं म्हणून दुप्पट पैसे घेणारे हे, आणि पालासमोर घासाघीस करणारे आपण. तरी घिसाड्याची सुरी घेणार नाही. केळफूल चिरलं की काळं ठिक्कर पडतं, कैरीला लोखंडाची चव येते.

सोलापुरी_शेंगा: केळफूल ताकाच्या पाण्यात टाकतात. सुरी चिरून झाल्याबरोबर पुसायची, तेलाचं बोट फिरवायचं.

डाळिंबी_उसळ: डब्याच्या वेळी सकाळी साडेसहाला तेलाचं बोट फिरवायला तुम्ही येणार का?

लेथवाला: तेच म्हणतोय पहिल्यापासून. ज्याला पुसायची सवय आहे त्याने घ्यावी लोहाराची, हे मान्य. तशी माणसं आमच्या घरात नाहीत. रात्रभर सिंकमध्ये खरकट्यात पडलेली सुरी, तिला स्टेनलेसच हवं.

माणदेशी: म्हणजे दोष घरातल्या माणसांचा, आणि शिव्या लोहाराला.

आडाळोप्रेमी: आडाळो सिंकात मावणाच नाय.

सदाशिवपेठी: तो पाण्याचा दगड कुठे मिळतो, हे कुणी सांगणार आहे की सगळे भांडायलाच आलेत?

माणदेशी: हार्डवेअरच्या दुकानात कार्बोरंडमचा दोन बाजूंचा मागा, एक भरड, एक बारीक. आणि भाव करू नका.