जुन्या यशिका ६३५ च्या काचेवरून डिजिटल फोटो काढायचेत

रत्नागिरीकर:
नमस्कार मंडळी. बाबांचा स्टुडिओ बंद झाला, पण त्यांचा यशिका ६३५ कॅमेरा मी ठेवून घेतलाय. दोन भिंगांचा, वरचं झाकण उघडून खाली मान घालून बघायचा तो. शटर अडकलंय आणि त्याला लागणारा १२० चा फिल्म रोल इथे मिळतही नाही. पण वरच्या काचेत अजून असं काही दिसतं की बघतच राहावं. चौकोनी चित्र, कडेला अंधार, मधोमध उजेड. तेच मला डिजिटलमध्ये हवंय. मोबाइल वर धरून पाहिला तर काचेत छताचा पंखा दिसतो आणि फोकसही लागत नाही. मोबाइलमधले ‘जुने’ फिल्टर नकोत, त्यात दर फोटोवर तोच ओरखडा त्याच जागी असतो. गणपतीत सगळ्या आत्या घरी जमतात, त्यांचे फोटो असे काढायची फार इच्छा आहे. कोणी केलंय का हे? आधी शटर दुरुस्त करून घ्यावं लागेल का?

काळी_पेटी:
ताई, शटरला हातही लावू नका, त्याची इथे गरजच नाही. शटर, रोल हे सगळं खालच्या भिंगाचं काम. वरचं भिंग फक्त बघण्यासाठी: त्यातून आलेला उजेड आतल्या तिरक्या आरशावर पडतो आणि तिथून वरच्या काचेवर. म्हणजे बंद पडलेला कॅमेराही या कामाला पूर्ण चांगला.

मी हे कोडॅक डुआफ्लेक्सवर करतो, तोही असाच वरून बघायचा जुना दोन भिंगांचा कॅमेरा. त्याला ६२० चा रोल लागायचा आणि तो कोडॅकने १९९५ मध्ये बंद केला. डुआफ्लेक्सची काच फुगीर आणि स्वच्छ, चित्र लख्ख दिसतं. तुमच्या यशिकाची काच दुधी, त्यामुळे चित्र मंद येईल. पण बाजूची चकती फिरवून तुम्हाला काचेवर खरा फोकस करता येतो, एकच आत्या स्पष्ट आणि मागचं मखर धूसर असं करता येतं. डुआफ्लेक्सच्या काचेत ते होत नाही. मला तुमचा कॅमेरा जास्त आवडला असता.

पंख्याचं प्रतिबिंब घालवायला काळ्या कार्डशीटची चौकोनी नळी करा. खालचं तोंड यशिकाच्या हुडवर (काचेभोवती उघडणाऱ्या झाकणाच्या चौकटीवर) घट्ट बसेल असं, वरच्या तोंडात डिजिटल कॅमेऱ्याची लेन्स. कागद आतून चकचकीत नको. नळीची लांबी आधी ठरवून कापू नका. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येते ती झूम लेन्स) ५५ मिमीवर ठेवा, पूर्ण चौकोन मावून कुठून फोकस लागतो ते बघा, मगच कात्री लावा. फोकस हाताने, काचेवरच्या एखाद्या धुळीच्या कणावर. ॲपर्चर (लेन्सच्या आतलं उजेडाचं छिद्र) f/८ च्या आसपास. मीटरिंग, म्हणजे उजेडाचं मोजमाप, स्पॉटवर (फक्त मधल्या छोट्या भागापुरतं) ठेवा, नाहीतर भोवतालचा काळोख मोजून कॅमेरा आत्यांचे चेहरे पांढरेफटक करून टाकेल. आत्यांना बसवायचं खिडकीपाशी, आणि ट्रायपॉड हवाच.

धूळ ब्लोअरने (हवा मारायच्या रबरी फुग्याने) उडवा. आरसा मात्र कापडाने अजिबात पुसू नका. घरच्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, याचा पुढच्या बाजूला असतो, तो पुसला की निघून येतो. असे खराब केलेले आरसे पाहिले की फार वाईट वाटतं.

आणि हो, काचेवर डावं-उजवं उलटं असतं. फोटो संगणकावर आडवा उलटवून घ्या, नाहीतर सगळ्यांचे पदर उजव्या खांद्यावर दिसतील.

नाशिक_डार्करूम:
ताई, वरचं सगळं बरोबर आहे, पण चौकट आणि धूळ म्हणजे जुनेपण नव्हे. मला विचाराल तर खरा फरक रंगांच्या नोंदीत आहे. सुरुवातीच्या काचेच्या प्लेटांना निळा रंग भरपूर टिपता यायचा, तांबडा जवळजवळ नाहीच. म्हणून पणजीच्या फोटोत कुंकू काळं आणि आकाश कोरं पांढरं असतं. तुम्ही रंगीत रॉ फोटो (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) काढा आणि कृष्णधवल करताना फक्त निळा चॅनल, म्हणजे निळ्या उजेडाची नोंद, ठेवा. चेहऱ्यावरचे डाग आणि सुरकुत्या त्यात जास्त उठतात, तेव्हा कोणाला पाठवण्याआधी आत्यांना दाखवा.

काळी_पेटी:
इथे मी सहमत नाही. यशिका ६३५ आला १९५८ मध्ये. तेव्हा सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्म सर्रास मिळत होत्या. त्या कॅमेऱ्यातून काळं कुंकू काढणं म्हणजे दोन काळांची सरमिसळ. करायचं तर साधं कृष्णधवल करा, कॉन्ट्रास्ट थोडा कमी. किंवा रंगीतच ठेवा, दुधी काचेवर रंग फार मऊ येतात.

नाशिक_डार्करूम:
कॅमेऱ्याच्या बाबतीत हे मान्य. पण ताईंना कोणत्या काळासारखं हवंय ते त्यांनी ठरवावं. पणजीच्या फोटोशेजारी लावायचा असेल तर निळा चॅनल, बाबांच्या स्टुडिओतल्या फोटोंशेजारी असेल तर तुमचं बरोबर.

रत्नागिरीकर:
बाबांच्याच फोटोंशेजारी. काल नळी करून धाकट्या आत्यावर करून पाहिलं, रंगीतच ठेवलं आणि फार सुंदर आलं! यशिका बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर असल्यामुळे तिचा चेहरा किंचित खालून दिसतो, आणि ती मोबाइलसमोर करते तसं तोंड करत नाही. एकच अडचण, हुडमधलं छोटं भिंग चित्राच्या मधोमध येतंय. ते स्क्रू काढून बाहेर घेऊ का?

काळी_पेटी:
नको नको. ते मिटतं. हुडच्या आतल्या बाजूला अलगद दाबून बसवा, मगच नळी लावा. आणि हा फोटो इथे टाका, आत्यांना विचारून.