प्रभामंडल: ग्रहणातले आणि क्ष-किरणांतले
खग्रास ग्रहणात प्रभामंडल (सूर्याभोवतीचे अतितप्त, विरळ वायूंचे आवरण) जमिनीवरूनही दिसते, मग त्यासाठी वर्षानुवर्षे उपग्रह कशाला, असे आपण विचारले आहे. खग्रास अवस्था काही मिनिटांचीच असते, आणि प्रभामंडलातून येणारे क्ष-किरण पृथ्वीच्या वातावरणात शोषले जातात; ते टिपायला उपग्रहच लागतो. सुमारे ५,५०० अंश तापमानाचा सूर्यपृष्ठभाग क्ष-किरणांत काळा दिसतो, त्यामुळे दहा-वीस लाख अंशांचे प्रभामंडल थेट बिंबासमोरही पाहता येते. जपानच्या योहकोह उपग्रहाच्या १९९१ पासूनच्या चित्रणात, सूर्यावर डाग सर्वाधिक असतानाच्या काळात चुंबकीय कमानींनी लखलखणारे हे प्रभामंडल १९९६ च्या सुमारास जवळजवळ विझल्यासारखे दिसते; सूर्याच्या डोळ्यांना दिसणाऱ्या एकूण प्रकाशात मात्र हा फरक जाणवतही नाही. गंमत म्हणजे, डिसेंबर २००१ मध्ये कंकणाकृती ग्रहणाच्या वेळीच योहकोहचे दिशानियंत्रण सुटले आणि निरीक्षणे थांबली. २००६ मध्ये जपानच्याच हिनोदे उपग्रहाने हे काम पुढे चालू केले.