उंची मोजून हेवीवेटचा निकाल लावू नका

जुना प्रेक्षक
काल इथे एकाने ठासून लिहिलं होतं : "६ फूट २ इंचांच्या आतल्या बॉक्सरने हेवीवेट या सर्वांत जड गटाचा नाद सोडावा. टायसन आज असता तर पहिल्या दहातही नसता." रात्रभर ते डोक्यातून जाईना, म्हणून हा वेगळा धागा.

उंच माणसाच्या जॅबचा, म्हणजे पुढच्या हाताने लांबून मारलेल्या सरळ ठोशाचा, जाच मलाही माहीत आहे. पण जॅब बसायला समोरचं डोकं जागेवर सापडावं लागतं. टायसन ५ फूट १० इंच. त्याच्या प्रशिक्षकाने, कस डी'अमाटोने, त्याला मुठी गालाला लावून, कमरेतून डोकं हलवत आत शिरायला शिकवलं. टायरेल बिग्ज ६ फूट ५ इंच, ऑलिंपिक सुवर्णपदकवाला, १९८७ मध्ये सातव्या फेरीत आटोपला. त्याच वर्षी टोनी टकर, तोही तेवढाच उंच, गुणांवर हरला. आणि १९१९ मध्ये टोलेडोला डेम्प्सीने जेस विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा खाली बसवलं. विलर्ड साडेसहा फुटांचा, वजनाने जवळजवळ साठ पौंड जास्त.

बुटका वाकून आत आला की उंचाला खालच्या दिशेने मारावं लागतं. मारताना त्याचा हात हनुवटीपासून सुटतो, आणि हुक म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा बसायला तेवढीच फट लागते. ८ मार्च १९७१, पंधरावी फेरी, फ्रेझियरचा डावा हुक, अली पाठीवर. आणखी काय दाखवायचं?

लांब पल्ला
ते लिहिणारा मीच, आणि मागे घेत नाही.

फ्रेझियरचं नाव काढलंत तर २२ जानेवारी १९७३ पण लिहा. किंग्स्टन. फोरमनने त्याला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. हातांनी ढकलून अंतर तयार करायचं आणि वाकून आला की अपरकट, खालून वर हनुवटीवर जाणारा ठोसा. आत घुसणाऱ्यावरचा उतारा तेव्हाच सापडला. टायसनचीही यादी तुम्ही अर्धीच दिलीत : १९९० ला टोकियोत डग्लसकडून हरला, २००२ ला मेम्फिसमध्ये लेनॉक्स लुईसकडून. बुटक्या डेव्हिड टुआचा हुक कुणापेक्षा कमी नव्हता, पण २००० मध्ये लुईसने त्याला बारा फेऱ्या जॅबच्या टोकाला टांगून ठेवलं. आणि विलर्ड तेव्हा ३७ वर्षांचा होता, तीन वर्षांत एकदाही विजेतेपद राखायला उतरला नव्हता.

मोजकं बोलतो
उसिक? फ्युरी ६ फूट ९ इंच. उसिकने त्याला २०२४ मध्ये दोनदा हरवलं. डिसेंबरच्या लढतीत तिन्ही जजचे गुण ११६-११२.

लांब पल्ला
याचाच मला राग येतो. उसिक ६ फूट ३ इंच आहे! अलीएवढा. त्याला बुटका म्हणून वाद जिंकायचा ही लबाडी आहे. ५ फूट १० इंचांचा, २०१० नंतरचा एक विजेता सांगा.

आतला माणूस
तुम्ही इंच मोजत बसा. क्लिंचबद्दल, म्हणजे समोरच्याला मिठीत धरून ठेवण्याबद्दल, कुणी बोलणार आहे का?

५ ऑक्टोबर २०१३, मॉस्को. पोव्हेटकिन ६ फूट २ इंच, क्लिचको ६ फूट ६ इंच. पोव्हेटकिन आत आला की क्लिचकोने मानेवर हात टाकायचा आणि सगळं वजन त्याच्या पाठीवर सोडायचं. रात्रभर हेच. रेफरीने कापला किती, तर एक गुण.

मी स्वतः ५ फूट ९ इंच. सुपरहेवी वजनगटात सहा वर्षं हौशी बॉक्सिंग केलं. उपांत्य फेरीत समोरचा माझ्या मानेवर लटकत होता आणि ताकीद मला मिळत होती, डोकं पट्ट्याखाली नेलं म्हणून. अहो, नेलं कुठे? त्याने दाबलं म्हणून गेलं! दोन ताकिदींत लढत गेली. घरी आल्यावर तीन दिवस मान वळत नव्हती. उंचीने नाही हरलो मी. मान धरणाऱ्याला मोकळं सोडलं म्हणून हरलो.

लांब पल्ला
आता माझंही ऐका. मी ६ फूट ४ इंच. भुवईवर तीन वेळा टाके पडलेत, तिन्ही वेळा ठोशाने नाही, खालून वर आलेल्या डोक्याने. "चुकून लागलं" म्हणून सोडून देतात. आत येणारा डोकं घेऊन येतो, मग मी त्याला धरू नको तर काय करू? क्लिंच हा बचाव आहे.

आतला माणूस
धरणं बचाव आहे. लटकणं नाही. हा फरक तुम्हाला कळत नसेल तर तुम्ही रिंगमध्ये नुसते उभे राहत होता.

लांब पल्ला
टाके दाखवू का? तोंड सांभाळून बोला.

मोजकं बोलतो
मॉस्कोत क्लिचकोच्या बाजूने गुण ११९-१०४ होते. पोव्हेटकिन दुसऱ्या फेरीत एकदा आणि सातव्यात तीनदा खाली गेला. सगळं क्लिंचवर ढकलता येणार नाही.

आतला माणूस
मान्य. पडला तो. पण दमवून दमवून पडला, एवढं तरी लिहा.

जुना प्रेक्षक
धागा मानेपाशी अडकलाय. अँडी रुईझ घ्या, त्यात दोघांचंही उत्तर आहे. जून २०१९, ६ फूट २ इंचांचा रुईझ त्याच्याहून उंच जोशुआसमोर. तिसऱ्या फेरीत आधी स्वतः पडला. उठला, आणि जोशुआ हाणायला पुढे आला तेव्हा अंतर आयतंच मिटलं. रुईझचे हात तिथे जास्त वेगात चालले, सातव्यात खेळ खल्लास. डिसेंबरात तोच रुईझ पंधरा पौंड वाढवून आला. जोशुआ या वेळी पुढे आलाच नाही, जॅब मारायचा आणि बाजूला सरकायचा. रुईझचे पाय त्याला गाठू शकले नाहीत, बाराही फेऱ्या नुसता मागे फिरला. उंची दोन्ही रात्री तीच होती. बदलले ते पाय.

लांब पल्ला
जोशुआने उंची वापरली तेव्हा तो जिंकला, असंही ते वाचता येतं. पण पायांचं खरं आहे. पहिल्या रात्री रुईझला जोशुआच्या मागे दोरांपर्यंत जावंच लागलं नाही, हे मी धरलं नव्हतं.

ठीक. ६ फूट २ इंचांची रेषा ६ फुटांवर आणतो. त्याच्या खाली एक इंचही नाही.

जुना प्रेक्षक
मार्सियानो ५ फूट साडेदहा इंच होता. ४९ लढती, ४९ विजय.

लांब पल्ला
विजेतेपदाच्या लढतींत त्याच्यासमोर ६ फुटांच्या वर फारसं कुणी आलंच नाही. त्याच्यापुढे ६ फूट ५ इंचांचा लेनॉक्स लुईस उभा करा, मग बोलू.

आतला माणूस
उभा करा. फक्त रेफरी मी निवडणार.