विषय: शनिवारचे भोपळे, आणि मधल्या मुलांचं काय करायचं?

प्रेषक: प्लेन्सबरो (यजमान)
नमस्कार न्यू जर्सीकर मंडळी,
हॅलोविनचे भोपळे कोरायला शनिवारी ३ वाजता मुलांना घेऊन आमच्याच गॅरेजमध्ये या. हॉलचा विषय कृपया परत काढू नका. भोपळे आणलेत, मोठे आहेत. अडचण एकच आहे. तीन-चार वर्षांची पिल्लं रंग आणि स्टिकरवर खूश, बारा-तेराची आपलं आपण कापतात. सहा ते नऊवाल्यांचं काय? स्टिकर दिले की फुरंगटतात, करवत दिली की माझा जीव टांगणीला. गेल्या वर्षी काय झालं ते आठवतंय ना सगळ्यांना? शुक्रवारपर्यंत सुचवा.

प्रेषक: एडिसनच्या काकू
अगं, भोपळे शुक्रवारी रात्रीच पोकळ करून ठेव. मुलांसमोर कापाकापी हवीच कशाला? आणि पहिला घाव तुझ्या नवऱ्याला घालू दे. अख्खा भोपळा बाईमाणसाने चिरू नये.

प्रेषक: वेस्ट विंडसर (सौ.)
काकू, आमच्याकडे ते फक्त कोहळ्यापुरतं आहे. लाल भोपळा कायम मीच चिरत आलेय, हे ठणठणीत आहेत.

प्रेषक: एडिसनच्या काकू
आमच्या कोकणात दोन्हीला आहे. असो. ज्याची त्याची श्रद्धा.

प्रेषक: मराठी शाळा
मूळ प्रश्नाकडे येऊ या का? मधल्या मुलांना चित्राचा कागद भोपळ्यावर चिकटवून द्यायचा आणि रेघेवर टाचणीने टोचायला सांगायचं. कागद काढला की ठिपक्यांच्या रांगोळीसारखं दिसतं. ठिपके जोडत कापायचं काम मोठ्यांचं. अर्धा तास शांतता मिळते. शाळेचे मार्कर देईन, पण गणेशोत्सवात नेलेले टोपणांशिवाय परत आले होते, हे नोंदवून ठेवते. गणपतीचं चित्रही आहे माझ्याकडे.

प्रेषक: पार्सिपनी
गणपती नको हो. कोरलेला भोपळा चार-पाच दिवसांत काळा पडतो, बुरशी धरतो, खारी कान कुरतडतात. नंतर तो कचऱ्यात कोण टाकणार? २०२४ ला नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी आले, तेव्हा आम्ही पणती आणि कंदील कोरला होता. तेवढं पुरे.

प्रेषक: वेस्ट विंडसर (श्री.)
कोरायचं कसं ते कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. झाकण वरून कापू नका, बूड कापा. देठ शाबूत राहतो आणि दिवा जमिनीवर ठेवून त्यावर भोपळा बसवता येतो. वरूनच कापायचं असेल तर पातं आतल्या बाजूला तिरकं धरा, सरळ कापलेलं झाकण आत पडतं. चेहरा जिथे यायचा तिथली भिंत आतून खरवडून इंचभर जाडीची करा. हे काम सात वर्षांचं पोरही मोठ्या चमच्याने आवडीने करतं, आणि पुढचं सगळं यावरच अवलंबून आहे. भिंत पातळ झाली की पत्र्याचा कुकी कटर ठेवून रबरी हातोडीने ठोकायचा. चांदणी, चंद्र, मांजर, काय हवं ते. प्लॅस्टिकचा चालत नाही, फुटतो. कटर अडकला की पक्कडीने मोठ्यांनी ओढायचा. आठ-नऊवाल्यांसाठी ड्रिल: धरायचं आपण, बटण त्यांनी दाबायचं. नुसती भोकं पाडली तरी दिवा लावल्यावर झकास दिसतं.
स्वयंपाकघरातली सुरी मात्र कोणीही आणू नका, मोठ्यांनीही नाही. ती सालीत रुतते, जोर लावून ओढली की निसटते आणि भोपळा धरलेल्या हातात घुसते. भोपळा कोरायच्या किटमधली बारीक दातांची करवतच बरी. आणि मेणबत्ती नको, बॅटरीचे दिवे.

प्रेषक: एडिसनच्या काकू
आतला गर फेकू नका. मी घारगे करून आणेन.

प्रेषक: वेस्ट विंडसर (सौ.)
काकू, या भोपळ्यांचे घारगे होत नाहीत. पाणचट आणि धागेदार असतात, गोडी नाही. कितीही कणीक घाला, पीठ सैलच. घारग्यांना छोटा शुगर पंपकिन घ्या, नाहीतर पटेलच्या भारतीय किराणा दुकानातून आपला लाल भोपळा आणा. बिया मात्र छान लागतात: धुऊन कोरड्या करायच्या, तेल-तिखट-मीठ चोळून ३५० फॅरनहाइटला पंधरा-वीस मिनिटं.

प्रेषक: एडिसनच्या काकू
मला घारगे शिकवतेयस होय? बरं. पटेलमधून आणते.

प्रेषक: खजिनदार
किट आणि दिव्यांचा खर्च मंडळ देईल. भोपळ्याचा नाही, ते समितीत ठरलंय. पावती लागेल, फोनवरचा अंधुक फोटो चालणार नाही.

प्रेषक: प्लेन्सबरो (यजमान)
ठरलं तर मग. लहान: रंग. मधले: खरवडणं, टोचणं, कुकी कटर. मोठे: करवत, शेजारी एक पालक. बूड शुक्रवारी रात्री मीच कापणार, काकू रागावू नका. रबरी हातोडी कोणाकडे आहे? आणि ड्रिल आणणाऱ्याने चार्ज करून आणा.

प्रेषक: पार्सिपनी
हातोडी आहे. पण पार्किंगचं काय? तुमच्या गल्लीत गेल्या वेळी दोन गाड्या उचलून नेल्या होत्या.