मदत हवी आहे: कामावर रुजू झालो तर पैसे बंद होतील का?

प्रेसवाला_भोसरी
सोमवारी हजर व्हायला सांगितलंय. सुपरवायझर म्हणतो, "आलास की तुझे ते पैसे बंद." भाऊ म्हणतो अजून दोन महिने घरी बस. गूगलवर सगळं अमेरिकेचं येतंय. बंद होतात का? हो की नाही एवढंच सांगा.

सातपूरचा
कोणते पैसे ते तर सांगा!

तहसील_रोजचीच
होतात. संजय गांधी निराधारला दिव्यांगांसाठी कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला ५०,००० आहे. पगार सुरू झाला की दाखला त्याच्या वर जातो आणि नाव कटतं. आता कुठे १,५०० चे २,५०० झालेत, घालवू नका.

प्रेसवाला_भोसरी
निराधार नाही हो. ईएसआयचे, कामगार विम्याचे. कारखान्यात प्रेस मशीनवर बोट गेलं.

सातपूरचा
हे आधी लिहायचं ना. कुठलं बोट, किती पेरं? फायनल सर्टिफिकेट, म्हणजे फिटनेसचं, मिळालं का? मेडिकल बोर्ड झालं का?

प्रेसवाला_भोसरी
उजवी तर्जनी, मुळापासून. डॉक्टरने फिटनेस दिलंय. बोर्ड म्हणजे काय?

एसटीप्रेमी
भाऊ, अपंगाचं कार्ड काढून घ्या. एसटीला ७५ टक्के सवलत आहे.

निवृत्त_बाबू
एसटीचं कोणी विचारलेलं नाही. त्या कार्डाला ४० टक्के अपंगत्व लागतं, त्याचा हिशोब वेगळा.

प्रेसवाले, तुमचे दोन वेगळे लाभ आहेत. आत्ता मिळतायत ते तात्पुरत्या अपंगत्वाचे, सरासरी पगाराच्या ९० टक्के. ते कामावर गेल्या दिवसापासून बंद. त्याच दिवसाचा पगारही आणि हेही, असं चालत नाही. सुपरवायझर तेवढ्यापुरता बरोबर आहे. पण बोट कायमचं गेलंय, त्याचं वेगळं मिळतं. डॉक्टरांचं मेडिकल बोर्ड अपंगत्वाचा टक्का ठरवतं आणि त्याचे पैसे हयातभर मिळतात. नोकरी करा, सोडा, पगार ईएसआयच्या २१,००० च्या मर्यादेवर जाऊ दे, काही फरक नाही. पूर्ण तर्जनीला कायद्याच्या तक्त्यात १४ टक्के आहेत. रोजचा सरासरी पगार ६०० धरला तर ९० टक्के ५४०, त्याचे १४ टक्के ७५ रुपये ६० पैसे. महिन्याला साधारण २,२६८.

सातपूरचा
आणि कारखान्याने अपघाताचा रिपोर्ट काय पाठवलाय ते बघा. सगळं त्यावरच आहे.

प्रेसवाला_भोसरी
आधी "घरी दारात बोट चेंगरलं" असं लिहिलं होतं. युनियनवाल्यांनी बदलून घेतलं. माझ्याकडे झेरॉक्स आहे.

निवृत्त_बाबू
नशीब. ते तसंच राहिलं असतं तर आजारपणाचे ७० टक्के, तेही वर्षाला ९१ दिवस, आणि कायमचं काही नाही.

न्यायहवा
हे २,२६८ घेऊन काय करणार? मालकावर केस टाका. कामगार भरपाईच्या कायद्याने एकरकमी लाखांत भरपाई मिळते. माझ्या मेव्हण्याला मिळाली.

निवृत्त_बाबू
मेव्हण्याला ईएसआय होतं का? नसणार. ईएसआय लागू असलेल्या कामगाराला कायद्याने मालकाकडून ती भरपाई मागता येत नाही. उगाच वकिलाची फी घालवायला लावू नका.

न्यायहवा
तुमच्यासारख्या बाबूंमुळेच कामगार मरतो.

डायमेकर
मूळ दुखणं कोणीच बोलत नाही. प्रेसला दोन हातांचं बटण असतं. प्रॉडक्शन वाढावं म्हणून एका बटणावर पट्टी मारून ठेवतात, मग एक हात डायमध्ये, म्हणजे साच्यात, जायला मोकळा. आमच्याकडे सेन्सर बसवलाय, तोही नाइटला बंद करतात.

प्रेसवाला_भोसरी
आमच्याकडे पण पट्टीच होती. पण माझं सोमवारचं काय? जाऊ की नको? घरी बसलो तर ९० टक्के चालू राहतील ना?

निवृत्त_बाबू
फिटनेस मिळाल्यावर नाही. भावाला सांगा, घरी बसून पगारही जाईल. सोमवारी जा, पण आधी ईएसआयच्या ब्रँच ऑफिसला बोर्डासाठी लेखी अर्ज द्या, सोबत फायनल सर्टिफिकेट आणि त्या रिपोर्टची झेरॉक्स, आणि पोच घ्या. टक्का कमी लावला तर तीन महिन्यांत अपील आहे. नंतर दर जानेवारी आणि जुलैला हयातीचा दाखला.

सातपूरचा
आणि एचआर कोऱ्या कागदावर सही मागेल, देऊ नका.

प्रेसवाला_भोसरी
पोच म्हणजे फक्त शिक्का चालेल की सही पण हवी?

निवृत्त_बाबू
दोन्ही. तारखेसकट.