इराणी चित्ता: शिकारीपेक्षा रस्ता

शिकार थांबवली की इराणमधला चित्ता आपोआप वाचेल, असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. तिथे त्याच्या जिवावर उठलाय तो रस्ता. तेहरान-मशहद मार्गाचा अब्बासाबाद ते मयामी हा पट्टा तुरानच्या संरक्षित वाळवंटाला खेटून जातो. चित्ते विरळ, भक्ष्य त्याहून विखुरलेलं, त्यामुळे एकेक जनावर मैलोन्‌मैल भटकतं आणि हा रस्ता ओलांडतं. रात्री ट्रक सुसाट. काही ठिकाणी कुंपण नि दिवे झालेत, पण चित्ते चिरडल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या पर्यावरण खात्याच्या अधिकाऱ्याने उरलेले चित्ते १२ सांगितले होते, ९ नर आणि ३ माद्या. म्हणजे एक मादी चाकाखाली गेली तर त्या हिशेबाने एक तृतीयांश माद्या गेल्या! शिवाय धनगरांचे कुत्रे आहेतच. तुरानच्या कुरणांत गुरं शिरली की कुत्रेही मागोमाग.

आणि आणखी एक गोष्ट. चित्ते मोजायला कॅमेरे लावणारी तिथली अभ्यासक मंडळी जानेवारी २०१८ मध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली पकडली गेली. त्यांच्यातले कावूस सय्यद-इमामी काही आठवड्यांतच कोठडीत वारले, तर शेवटचे चौघे थेट २०२४ मध्ये सुटले. एवढं झाल्यावर त्या रानात नवा कॅमेरा बांधायला कोण धजेल? आपल्याकडे मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात चित्त्याच्या प्रत्येक बछड्याची बातमी होते, त्यावर आपण कुरकुरतो, पण निदान मोजणारी माणसं मोकळी आहेत.