जांबोटीकडच्या घरासाठी स्टॅटिक (न बदलणारा) आयपी घ्यावा का? मदत हवी आहे

नमस्कार. मी बेळगावात टिळकवाडीला राहतो आणि आई-बाबा खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला गावच्या घरी असतात. तिथे फायबर घेऊन अंगणात व गोठ्याजवळ कॅमेरे बसवले आहेत. पावसाळ्यात लाईट वारंवार जाते आणि राउटर पुन्हा सुरू झाला की आयपी पत्ता बदलतो, म्हणून मी डायनॅमिक डीएनएस (पत्ता बदलला तरी एकाच नावाने घर गाठता येईल अशी सेवा) लावून घेतले होते व ते वर्षभर नीट चालले.

गेल्या महिन्यापासून मात्र बाहेरून कॅमेरे दिसतच नाहीत. बाबांना फोनवर राउटरचे पान उघडायला लावले, तेव्हा त्यांनी ‘शंभर, टिंब, बाहत्तर...’ असा पत्ता वाचून दाखवला. त्याच वेळी आयपी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर भलताच आकडा होता. सेवादात्याचा माणूस एवढेच म्हणतो, की वर्षाचे जादा पैसे भरून स्टॅटिक घ्या. पत्ता बदलण्याची अडचण तर मी आधीच सोडवली होती, मग स्टॅटिकने नेमके काय साधेल?

प्रतिसाद:

बाबांनी वाचलेल्या आकड्यातच उत्तर आहे. 100.64 पासून 100.127 पर्यंतचे पत्ते 2012 मध्ये सेवादात्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले गेले. आयपीव्ही4 या इंटरनेटच्या जुन्या पत्ता-पद्धतीत एकूण पत्तेच सुमारे 430 कोटी, त्यामुळे एक सार्वजनिक (बाहेरून थेट गाठता येणारा) पत्ता अनेक घरांत वाटला जातो. यालाच सीजीनॅट म्हणतात. घरातून बाहेर जाणारी जोडणी त्यातून सुरळीत चालते, पण बाहेरून आलेली विनंती कोणत्या घरची हे सेवादात्याच्या यंत्राला कळत नाही. म्हणून तुमचे डायनॅमिक डीएनएस आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विनंती राउटरने घरातल्या ठरावीक यंत्राकडे वळवणे) दोन्ही निरुपयोगी झाले.

स्टॅटिकने साधेल ते एवढेच, की त्यासोबत सार्वजनिक पत्ता मिळेल. तेव्हा स्टॅटिक मागण्याऐवजी ‘सार्वजनिक आयपी मिळेल का, बदलता असला तरी चालेल’ असे विचारा. तो मिळाला तर तुमची जुनी मांडणी पुन्हा चालेल. तेवढ्यासाठीही स्टॅटिकचेच पैसे मागत असतील, तर आधी डीव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राच्या) कंपनीचे क्लाउड ॲप लावून पाहा, कारण त्यात डीव्हीआर स्वतःच बाहेर जोडणी करतो व सीजीनॅट आड येत नाही. सार्वजनिक पत्ता घेतलाच, तर डीव्हीआरचा पोर्ट थेट उघडा ठेवू नका (कारखान्यातून आलेला पासवर्ड अजून तसाच असेल, अशी मला दाट शंका आहे). राउटरमध्ये व्हीपीएनची (बाहेरून घरच्या नेटवर्कमध्ये जाणाऱ्या सुरक्षित खासगी जोडणीची) सोय असल्यास त्यातूनच आत जा.